संगीतसूर्याची उमेदवारी

उमेदवार हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत त्याचा अर्थ निराळा होता. मामलेदार कचेरीत एखादा मुलगा कारकुनाच्या शेजारी सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष बसायचा, नकला करायचा, दप्तर बांधायचा, पाणी भरायचा आणि जागा रिकामी होण्याची वाट बघायचा. तोवर पगार नाही. याला उमेदवारी म्हणत. ही उमेदवारी कोणाला परवडायची? ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत होती त्याला. बाकीच्यांची पोरं कितीही हुशार असली तरी कचेरीच्या पायरीपर्यंत पोचत नसत, कारण मधल्या काळात खायचं काय, हा प्रश्न कोणी सोडवून ठेवलेला नसायचा.

अमेरिकेत आणि इंग्लंडात अलीकडे नाट्यगृहांमधून हाच वाद चालला आहे. तिथे नाट्यसंस्थांत नवशिक्यांना शिकाऊ म्हणून घेतात, पण पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं त्यांना पगार दिला जात नव्हता. त्यामुळे रंगभूमीवर सुखवस्तू गोऱ्या घरांतली मुलं येत राहिली आणि काळ्या, सावळ्या, स्थलांतरित घरांतली मुलं दाराबाहेर राहिली. आता काही संस्था अशा मुलांना मानधन देऊन आणि एखाद्या जाणत्या कलावंताच्या हाताखाली ठेवून शिकवू लागल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मला कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांची आठवण झाली. आपल्याकडे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीही ठराव न करता, अर्धामुर्धा का होईना, सोडवला होता. कसा आणि कोणत्या किमतीला, ते त्यांच्या आयुष्यात दिसतं.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडील विठ्ठलराव, आई जनाबाई. वडिलांचं छत्र लवकर गेलं. घरात गरिबी, पदरात लहान मुलं. त्या काळी मराठा समाजातल्या अशा बाईपुढे वाटा फार नव्हत्या. जनाबाईंनी जी वाट धरली ती त्यांच्या भावकीला पसंत पडली असेल असं वाटत नाही. त्यांनी पोरांना नाटक कंपनीत घातलं. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी हे त्या कंपनीचं नाव, आणि जनुभाऊ निमकर तिचे चालक. केशव तेव्हा अगदी कोवळा होता. शाळा म्हणावी अशी त्याला लाभली ती ही कंपनीच.

नाटक कंपनी म्हणजे काय होतं हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. ती फिरती वसाहत होती. मालक, नट, तालीममास्तर, पेटीवाले, तबलजी, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, गडी अशी पन्नास-पाऊणशे माणसं एका बिऱ्हाडात राहायची. गावात मुक्काम पडला की मोठा वाडा भाड्याने घ्यायचा, मांडव किंवा थिएटर ठरवायचं, हँडबिलं वाटायची. पोरांची तालीम पहाटे सुरू. आधी गळा, मग पाठांतर, मग चालणं, बसणं, पदर सावरणं. पोराचा गळा बरा निघाला तर त्याला बारीकसारीक काम, मग थोडं मोठं. आणि हे सगळं चालू असताना त्याच्या पानात दोन वेळा वाढलं जायचं, अंगावर कापड मिळायचं आणि गुण दिसला की घरी चार पैसेही जायचे. मामलेदार कचेरीच्या उमेदवाराला जे मिळत नव्हतं ते नाटकातल्या पोराला पहिल्या दिवसापासून मिळत होतं. नाटक हा प्रतिष्ठेचा धंदा नव्हता हे खरं. पण म्हणूनच त्याचं दार गरिबाला किलकिलं तरी सापडलं. प्रतिष्ठेच्या धंद्यांची दारं आधीच भरलेली असतात.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. माझी उमर बँकेत गेली, त्यामुळे व्यवहार म्हटला की तारण काय, हा प्रश्न आधी सुचतो. इथे तारण होतं पोराचा गळा. कंपनी त्याच्यावर पाच-सहा वर्षं खर्च करणार, आणि तो वसूल होणार गळा फुटेपर्यंतच्या थोड्या हंगामात. चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की कितीएक नायिकांचं नशीब फुटलं. त्यांतले काही पुढे किरकोळ पुरुषभूमिका करत राहिले, काही आचाऱ्याच्या हाताखाली गेले, काही घरी परतले, आणि घरी परतलेल्यांना ना शाळा ना शेती. आपण रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो तेव्हा त्यांची नावं घेत नाही. ती कोणाला ठाऊकच नाहीत.

केशवचा गळा टिकला. नुसता टिकला नाही, वयाबरोबर खडा होत गेला. उंच पट्टी, स्वच्छ उच्चार आणि दम. त्याचं नाव झालं ते देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकाने. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'शारदा' १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणलं आणि पुढे इतर कंपन्यांनीही ते केलं. पैशासाठी म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट. स्वदेशहितचिंतकच्या 'शारदे'त केशव लहान कामं करता करता स्वतः शारदा झाला, आणि वयाची चौदा वर्षंही पुरी व्हायच्या आत गावोगावचे लोक त्याची शारदा बघायला गाड्या जुंपून येऊ लागले.

मला या जागी थोडं थांबावंसं वाटतं. गरिबीपायी कंपनीच्या हवाली झालेला मुलगा रोज रात्री उभा राहून, बापाने जिचा सौदा ठरवला आहे अशा मुलीचं दुःख गातो. त्याला त्यातलं किती कळत असेल? काही जण म्हणतील, पोराला तालमीत शिकवलं तसं तो गात होता. असेलही. पण देवलांच्या त्या नाटकाने शहाण्यासुरत्या माणसांना विचार करायला लावलं, ते अशाच पोरांच्या तोंडून. आणि जनाबाईंबद्दल कोणी वाकडा शब्द काढू नये. विकणं आणि सोपवणं यांत फरक असतो. त्या मुलांमागे उभ्या राहिल्या, आणि पुढे मुलाने स्वतःची कंपनी काढली तेव्हाही त्यांचा आधार सुटला नाही.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला केशवरावांनी ललितकलादर्श नाटक मंडळी काढली. त्या दिवशी त्यांचं वय सतरा वर्षं आणि पावणेपाच महिने.  इथे कपडेपट, पडदे, वाद्यं, आचारी, पाऊणशे माणसांचा शिधा आणि रेल्वेचं भाडं अशी जबाबदारी त्याने अंगावर घेतली. भाऊ दत्तोपंत बरोबर होते. हुबळी कर्नाटकात, पण कंपनी मराठी. त्या वेळी मराठी नाटकाचा मुलूख हुबळी-धारवाडपासून इंदूर-बडोद्यापर्यंत पसरला होता आणि तो सांधला होता आगगाडीने. पुण्याहून मिरजेकडे आणि तिथून खाली हुबळीकडे जाणारी मीटरगेज आमच्या लोणंदवरूनच जायची. कोल्हापूरला फाटा १८९१ सालीच मिळाला होता. नाटक कंपन्यांचे पडद्यांचे लांब गुंडाळे आणि कपड्यांच्या पेट्या याच लोखंडी वाटेने पुणे, सातारा, सांगली, मिरज, हुबळी अशा फिरल्या. लोणंदला ना थिएटर ना संस्थानिक. इथे उतरायचा तो धान्याचा व्यापारी, नाहीतर माउलींच्या पालखीचा वारकरी. नाटक आमच्या गावावरून गाडीत बसून पुढे जात राहिलं. आजही नाटक बघायचं तर आम्हाला साताऱ्याचं शाहू कला मंदिर किंवा पुणं गाठावं लागतं.

केशवरावांची कंपनी वाढली त्यात शाहू महाराजांचा हात मोठा. त्यांनी मुलांना फुकट शिक्षण देऊन गप्प बसायची चूक केली नाही. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात येऊन शिकेल, पण राहील कुठे आणि जेवेल काय, हे त्यांनी आधी ओळखलं आणि १९०१ पासून एकामागून एका जातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. विद्येच्या आधी भाकरी. १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढणारा हा राजा कलेकडेही त्याच नजरेने बघत होता. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या नारायण राजहंसाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, कानाच्या दुखण्यावर उपचार करून घ्यायला मिरजेला पाठवलं ते त्यांनीच, आणि १९०५ मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत गेला त्यामागेही त्यांचाच शब्द होता. तो ब्राह्मणाचा मुलगा होता. महाराजांनी गळा बघितला. पण केशवरावांच्या पाठीवर हात ठेवताना त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट नक्की असणार. त्या वेळच्या बड्या संगीत कंपन्यांचे मालक, नाटककार, नायक बहुतेक ब्राह्मण समाजातले. त्यांत एका गरीब मराठा घरातला पोर नुसता नट म्हणून नाही तर मालक म्हणून उभा राहिला होता.

महाराजांनी एकदा या कंपनीचं 'मृच्छकटिक' खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात लावलं. १९०२ साली ते युरोपात गेले होते, रोमची जुनी रंगणं त्यांनी पाहिली होती, आणि खासबागेचं गोल मैदान त्या आठवणीतून उभं राहिलं असं सांगतात. उघड्या आभाळाखाली हजारोंचा समुदाय, ध्वनिक्षेपक नाही, आणि संगीत नाटक. पहिल्या रांगेतल्या सरदाराला आणि वरच्या पायरीवरच्या मोलकऱ्याला एकच पद ऐकू गेलं पाहिजे. केशवरावांच्या गळ्याची ही परीक्षा होती आणि महाराजांचा हेतूही त्यात होता. नाटक थिएटरच्या चार भिंतींतून आणि तिकिटाच्या दरातून सोडवून लोकांपर्यंत न्यायचं, हा प्रयोग आपल्याकडे नंतर फार थोड्यांनी केला.

केशवराव गाण्यावर विसंबून स्वस्थ बसले नाहीत. रामकृष्णबुवा वझ्यांकडून त्यांनी तालीम घेतली आणि बुवांच्या चाली कंपनीच्या नाटकांत आणल्या. वीर वामनराव जोशांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केलं. मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाला बोलावून हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' आणि पुढे १९१९ साली 'संन्याशाचा संसार' ही नाटकं रंगभूमीवर आणली. पौराणिक कथांना सोकावलेल्या प्रेक्षकांपुढे सामाजिक नाटक ठेवणं म्हणजे गल्ल्याशी खेळ. त्यांनी तो केला. पु. श्री. काळे या चित्रकाराकडून नवे देखावे रंगवून घेतले. मराठी रंगभूमीवर मखमलीचा पडदा आणण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. अडाणी गरिबीतून वर आलेला माणूस पैसा हाती आल्यावर एक तर धरून बसतो किंवा उधळतो. केशवराव तो नाटकात घालत होते.

आणि त्यांनी माणसं शिकवली. ललितकलादर्शमध्ये आलेले व्यंकटेश बळवंत, म्हणजे बापूराव पेंढारकर, केशवरावांहून वयाने फार लहान नव्हते, दोनेक वर्षांनीच धाकटे. पण केशवराव लहानपणापासून कंपनीत वाढलेले, म्हणून गुरुस्थानी तेच. नायकाचं काम, गाण्याची तालीम, कंपनी चालवण्याची रीत, हे सगळं बापूराव त्यांच्या सावलीत शिकले. मालकाने आपल्या हयातीत आपल्या जागेचा माणूस तयार करावा, असं आमच्या बँकेतही क्वचितच घडायचं. साहेब रिटायर झाला की किल्ल्या कुठे ठेवल्या हे शोधत बसायचं. नाटक कंपन्यांत तर नायक गेला की कंपनी बुडाली, असा नेहमीचा शिरस्ता.

८ जुलै १९२१ चा मुंबईचा प्रयोग मराठी माणसाच्या घराघरांत सांगितला गेला आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी एकत्र आल्या आणि खाडिलकरांचं 'मानापमान' संयुक्त केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. एकमेकांचे प्रतिस्पर्धी, चाहत्यांची दोन तटं. तिकिटांचे दर ऐकून सामान्य माणसाने कानावर हात ठेवावेत आणि तरीही थिएटर भरावं, अशी ती रात्र. मला या प्रयोगात गाण्याइतकंच दुसरं काहीतरी दिसतं. एक जण राजाच्या शब्दाने कंपनीत आलेला, दुसरा आईच्या नाइलाजाने. दोघेही या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातले, दोघेही कंपनीच्या पंगतीत जेवून मोठे झालेले, आणि आता स्वतःच्या पंगती वाढणारे मालक. त्या रात्रीचा पैसा देशासाठी होता. दोघांच्याही कंपन्यांना त्या वेळी पैशाची गरज नव्हती असं नाही. बालगंधर्वांच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं.

तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले.

इथवर लिहिल्यावर एक गोष्ट सांगितली नाही तर हे चित्र खोटं ठरेल. नाटक कंपनीचं किलकिलं दार गरीब मराठ्यापर्यंत उघडलं, त्याच्या खालच्या पायरीवरच्यांना उघडलं नाही. महार-मांगांच्या पोरांना कंपनीच्या पंगतीत कोण बसवणार? पाऊणशे माणसं एका वाड्यात राहणार, एका आडाचं पाणी पिणार, तिथे ही मुलं कुठून येणार? त्यांची नाट्यशाळा होती तमाशाचा फड. तिथेही उमेदवारी होती, गुरू होता, सुरत्या आणि सोंगाड्या होण्याच्या पायऱ्या होत्या, आणि पैसाही होता, पण तो उचल म्हणून. आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर नाचून-गाऊन फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच फड. बँकेत याला आम्ही थकीत खातं म्हणत असू. फडातले लोक याला नशीब म्हणत. याच भागातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मातंग समाजातले. शाळेत दीड दिवस बसले आणि बाहेर पडले. कला शिकले ती नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं. 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिणारा हा माणूस १९६९ साली गेला तो मुंबईत, हलाखीत. केशवरावांना जो राजा भेटला तसा अण्णाभाऊंना भेटला नाही.

ललितकलादर्शने मात्र पुढे हा प्रश्न नाटकात तरी घेतला. केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी कंपनी सांभाळली, १९२२ साली वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' केलं आणि लगेच त्यांचंच 'तुरुंगाच्या दारात', ज्याचा विषय अस्पृश्यतेचा होता. नाटक बघून पंगत एक झाली असं मी म्हणणार नाही. पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्या विषयासमोर बसवलं, हेही त्या काळात कमी नव्हतं.

आज कंपनीचं बिऱ्हाड गेलं. हौशी नाटकाची राज्य स्पर्धा १९५४ पासून आहे, विद्यापीठांत नाट्यविभाग आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. पण तिथे पोचतात ते मूठभर. नोकरीत असताना कर्जाच्या अर्जांचे गठ्ठे माझ्या टेबलावरून गेले. ट्रॅक्टर, विहीर, गाय, किराणा दुकान, इंजिनिअरिंगची फी. नाटक शिकायला पुण्याला राहायचं आहे म्हणून एकदोघं पोरं आली होती, चाचरत. तारण काय, उत्पन्न कधी सुरू होणार, या रकान्यांत त्यांना लिहिण्यासारखं काही नव्हतं. व्यावसायिक नाटकात हल्ली पहिली एक-दोन वर्षं पोरं बॅकस्टेजला फुकट किंवा चहा-वडापाववर राबतात, आणि त्याला अनुभव म्हणतात. लोणंदच्या मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलणाऱ्याच्या मुलाला पुण्यात खोलीचं भाडं भरून असा अनुभव दोन वर्षं घेता येईल का, हा हिशेब कोणीही बोटांवर करून बघावा. मामलेदार कचेरीतली ती जुनी उमेदवारी नाटकात परत आली आहे, आणि ज्या धंद्याने शंभर वर्षांपूर्वी ती मोडली होती त्याच धंद्यात ती आली, हे मला खटकतं.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं. शाहू महाराजांनी बांधलेलं हे नाट्यगृह १९१५ पासून उभं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्री जळत्या छपराकडे बघत कोल्हापूरची नाटकवेडी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. भिंती पुन्हा उभारायचं काम नंतर हाती घेण्यात आलं.

ललितकलादर्शची कथा मात्र इमारतीपेक्षा माणसांतून पुढे गेली. केशवराव गेले त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९२१ ला, बापूराव पेंढारकरांना मुलगा झाला. भालचंद्र त्याचं नाव. १९३७ साली बापूरावही अकाली गेले, कंपनी थांबली, आणि १९४२ साली विशीतल्या या मुलाने ती पुन्हा सुरू केली. अण्णा पेंढारकर म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही त्यांची नाटकं आमच्या पिढीने पाहिली. घंटा वेळेवर झाली पाहिजे, ठरलेल्या मिनिटाला पडदा वर गेला पाहिजे, यासाठी ते प्रसिद्ध होते. २०१५ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. केशवरावांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जे शिकले ते वडिलांकडून, आणि वडील शिकले होते ते कोल्हापूरच्या जनाबाईंच्या मुलाकडून.